बाकीच्या वेळात काय करता?

आमचे अण्णा जेवायला बसले की मासा आधी खायचे. भाताला हात लागायच्या आत तळलेली तुकडी संपलेली. मग सावकाश आमटीभात, भाकरी असली तर भाकरी. कोकणातल्या माणसाला हा उलटा क्रम बघवत नाही. आजी मालवणहून यायची तेव्हा दर वेळी म्हणायची, "अरे, भातावांगडा खा मरे!" अण्णा नुसते हसायचे. ते मुंबई अग्निशमन दलात फायरमन होते. पाळीवर असताना डबा स्टेशनातच खायचा, आणि मध्येच घंटा झाली तर तो तसाच उघडा टाकून पळायचं. परत आल्यावर स्टेशनच्या मांजरानं काय शिल्लक ठेवलंय ते बघायचं. तेव्हा डब्यातलं जे महाग, ते आधी पोटात. ही सवय घरी आली आणि निवृत्तीनंतरही गेली नाही. घंटा कायमची थांबली तरी शेवटपर्यंत मासा आधीच.

घंटा झाली की म्हणायचं, वर्दी आली. हिंदी सिनेमामुळे वर्दी म्हटलं की लोकांना खाकी कपडे आठवतात. आमच्याकडे वर्दी म्हणजे निरोप, कुठंतरी आग लागल्याचा. "अण्णा कुठायत?" "वर्दीवर." गाडी म्हणजे बंब, आणि जुनी माणसं स्टेशनला बंबखाना म्हणायची. आमच्या मोरीतही तांब्याचा एक बंब होता, आंघोळीच्या पाण्याचा. लहानपणी मला बरेच दिवस वाटायचं की अण्णा लोकांच्या घरी आंघोळीचं पाणी तापवायला जातात. पाण्याशी संबंध होता, एवढं बरोबर निघालं.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. भावाचा मुलगा. तो तीनेक वर्षांपूर्वी दलात लागला. २०२३ च्या सुरुवातीला ९१० पदांची मोठी भरती झाली होती, दहिसरच्या मैदानावर उन्हात हजारो पोरं धावली होती, त्यात हाही. मूळ वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१००. गेल्या महिन्यात एका रविवारी तो हातात प्लास्टिकची फाइल घेऊन माझ्याकडे आला. मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी युनियनच्या कामात, हे त्याला माहीत. म्हणाला, "आत्या, नव्या कराराचं मागणीपत्र करायला घेतलंय. पोरांनी मसुदा केलाय. जरा नजर टाक ना."

मी चष्मा लावला आणि आधी शेवटचं पान उघडलं. मागणीपत्र शेवटून वाचावं, हे मला युनियनमधल्या एका जुन्या खोडानं शिकवलं होतं. पहिल्या पानावर जे असतं ते सगळ्यांनाच हवं असतं: मूळ वेतन, थकबाकी, महागाई भत्ता. त्यावर भांडण होणार, तडजोड होणार, काहीतरी मिळणार. शेपटाकडच्या मागण्या मात्र सोडण्यासाठीच घातलेल्या असतात. वाटाघाटीत रात्री अकरा वाजता समोरचे साहेब म्हणतात, "आता तुम्हीही काहीतरी सोडा की", तेव्हा हातात सोडायला काहीतरी लागतं. शेवटच्या पानावर काय आहे त्यावरून कळतं, लिहिणाऱ्यांना स्वतःलाच काय बिनमहत्त्वाचं वाटतं.

मसुद्यात सतरा मागण्या होत्या. शेवटच्या पानावर सेवा निवासस्थानांची गळती, धुलाई भत्त्यात वाढ आणि गमबुटांचा दुसरा जोड. पहिल्या पानावर अपेक्षेप्रमाणे पगार. मग जुनी पेन्शन. ५ मे २००८ नंतर पालिकेत लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाही, आणि एकाच गाडीवर शेजारी शेजारी बसणाऱ्या दोघांमधल्या एकाला म्हातारपणी पेन्शन आणि दुसऱ्याला नाही, हे पोरांना सलतं. सलणारच. मग रिक्त पदं, बढती, जोखीम भत्ता. आणि मध्ये एक अख्खं पान भरून तक्ता. स्टेशनवार वर्द्या. आगीच्या किती, घर पडल्याच्या किती, झाड पडल्याच्या, लिफ्टमध्ये अडकल्याच्या, गॅसगळतीच्या, समुद्रात बुडाल्याच्या. आणि एक रकाना पक्ष्यांचा. मांज्यात अडकलेल्या घारी-कावळ्यांना सोडवायलाही यांनाच बोलावतात, संक्रांतीच्या आसपास तर विचारू नका.

"तक्ता मी केलाय," भाचा म्हणाला. पोरगं खूश होतं. चांगलाच केला होता, रंगीत.

तो तक्ता बघून माझ्या पोटात कालवलं. कारण असाच एक तक्ता मी आधी पाहिला होता, हातानं आखलेला.

साल १९८७ असेल. मी दहावी होऊन अकरावीत. अण्णांचं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे संघटनेचं लिखाणकाम त्यांच्याकडे. चौथा वेतन आयोग येऊन गेला होता, केंद्रातल्या अगदी तळाच्या माणसाचं मूळ वेतन १ जानेवारी १९८६ पासून ७५० रुपये झालं होतं, आणि आता ते आपल्यापर्यंत कधी नि किती झिरपतं याची क्वार्टर्समध्ये रोज चर्चा. वेतन आयोग आधी केंद्राचा असतो, मग राज्याचा होतो, मग पालिकेशी बोलणी करून तो आपलासा करायचा. विहिरीचं पाणी पाटानं शेवटच्या वाफ्याला पोचावं तसं. पुढं पाचव्यात ते ७५० चे २,५५० झाले, सहाव्यात ७,०००, सातव्यात १८,०००, आणि दर वेळी शेवटच्या वाफ्यातली माणसं मान वर करून पाटाकडे बघत बसली. आताही तेच. आठव्या आयोगाची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली, न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई अध्यक्ष आहेत, अहवालाला १८ महिन्यांची मुदत, आणि इकडे भाच्याच्या स्टेशनात चहाबरोबर रोज फिटमेंट फॅक्टरचा, म्हणजे जुन्या मूळ पगाराला गुणायच्या आकड्याचा, अंदाज. सातव्यात तो २.५७ होता. आता किती, यावर म्हणे पैजा लागतात.

तर १९८७. स्वयंपाकघरातल्या फरशीवर वर्तमानपत्र पसरून अण्णा पालथे पडून लिहायचे. मी वाचून दाखवायचे, ते उतरवायचे. दोन कार्बन, तीन प्रती. पहिली साहेबांना, दुसरी संघटनेला, तिसरी घरात. तिसरी इतकी फिकट की वाचायला उजेडाकडे धरावी लागे. कार्बनची निळाई त्यांच्या करंगळीखालच्या तळव्याला लागलेली असायची आणि ती घासूनही दोन दिवस जायची नाही. आई म्हणायची, "आगीत जातात तेव्हा हात काळे होत नाहीत एवढे." त्या मागणीपत्रातही तक्ता होता. महिन्याच्या वर्द्या. अण्णांनी फूटपट्टी लावून आखलेला.

आणि त्या तक्त्यानंच घात केला, असं अण्णा पुढं कित्येक वर्षं सांगायचे.

बैठकीला अण्णा स्वतः होते, कोपऱ्यातल्या खुर्चीवर, टिपणं घ्यायला. टेबलापलीकडे हिशेबातले एक साहेब. वाईट माणूस नव्हे, अण्णा नेहमी म्हणायचे, आवाज चढवला नाही, चहा मागवला. त्यांनी तक्ता नीट वाचला. पेन्सिलनं बेरीज केली. मग म्हणाले, "म्हणजे या स्टेशनला दिवसाला सरासरी दोन वर्द्या. एकेक तास-दीड तास धरू. बाकीच्या वेळात काय करता?"

आमचे पुढारी मोठे बोलके गृहस्थ. आझाद मैदानात माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा आवाज. पण त्या दिवशी ते गडबडले आणि यादी सांगायला लागले. सकाळी कवायत. गाड्या धुणं. पंप चालवून बघणं. ओले होज उंच टांगून वाळवणं. शिड्यांना तेल. हायड्रंट तपासायला फेरी. ब्रांचचं पितळ ब्रासोनं घासणं. ब्रांच म्हणजे होजच्या तोंडाची नळी. साहेब पेन्सिलनं एकेक लिहून घेत होते. पितळ घासण्यापाशी त्यांनी मान वर केली आणि हसू दाबलं. अण्णा म्हणायचे, "तिथं आम्ही हरलो. त्या माणसानं आमच्या हातात त्याची फूटपट्टी दिली आणि आम्ही आपले तिनंच स्वतःला मोजत बसलो."

खरं उत्तर होतं की बाकीच्या वेळात आम्ही थांबतो. पण ते त्या दालनात कुणाला उच्चारता आलं नाही. सरकारी कागदावर "थांबतो" हे क्रियापद फुकट्या माणसाचं आहे.

मी स्वतः नोकरी केली तेव्हा मला या गोष्टीचा खरा अर्थ लागला. बँकेत कामाचे तास असतात, ते संपले की मी बँकेची नाही. काउंटरवर गर्दी नसेल तेव्हा मी स्वेटर विणलाय, खोटं कशाला बोलू. पण माझं ते रिकामपण हलकं होतं. अण्णांचं रिकामपण तसं नव्हतं. ते कॅरम खेळत असले तरी कान घंटेवर. पँट गमबुटांवर खाली दुमडून ठेवलेली, पाय घालून वर ओढली की झालं. दुपारी झोप लागली तर ती पातळ, ताकासारखी. मिनिटाच्या आत गाडी दरवाजाबाहेर गेली पाहिजे, आणि ती गेली पाहिजे म्हणून बाकीचे तास कुणीतरी तसं पातळ जगलं पाहिजे. शहर जे विकत घेतं ते हे. आग विझवणं हा त्या मालाचा दिसणारा भाग.

क्वार्टर्सचंही तसंच. सरकारी नोकरीत सगळीकडे नियम असा की सेवा निवासस्थान मिळालं की घरभाडं भत्ता नाही. घर ही सवलत. आम्हाला कुठं काही तक्रार होती, मध्य मुंबईत दोन खोल्या म्हणजे चैनच. पण ते घर स्टेशनच्या डोक्यावर का होतं? आमच्या सोयीसाठी नक्कीच नव्हतं. मोठी आग लागली, ब्रिगेड कॉल झाला, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची वर्दी, की सुट्टीवरचा माणूसही हाकेच्या अंतरावर हवा. आमचं अख्खं घरच पाळीवर होतं म्हणा ना. आई कधी रात्रीच्या सिनेमाला गेली नाही. दिवाळीत तर नाहीच, फटाक्यांमुळे ते दिवस सगळ्यात वाईट. आता भाचा नालासोपाऱ्याला राहतो, भाड्यानं. लोकलमध्ये उभं राहून तो पाळीला येतो नि पाळी संपली की तसाच लटकून जातो. त्याला घरभाडं भत्ता मिळतो. हाकेच्या अंतरावर मात्र तो नाही. यातला कोण जास्त थांबतो आणि कुणाला जास्त मिळायला हवं, याचा हिशेब मला अजून जमलेला नाही.

जोखमीचा हिशेब मात्र लोकांनी करून पाहिलाय. सातव्या आयोगानं केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी एक चौकट काढली होती. एका बाजूला जोखीम, दुसऱ्या बाजूला हालअपेष्टा, प्रत्येकाच्या तीन पायऱ्या, मिळून नऊ घरं. सगळ्यांच्या वर सियाचिनचं वेगळं घर. तुम्ही कुठल्या घरात बसता त्यावर भत्ता. मला ती कल्पना आवडली होती, कुणीतरी निदान कागदावर कबूल केलं की हाल वेगळे आणि धोका वेगळा. पण वाट बघत बसण्याला त्या नऊ घरांत घर नाही. वाट बघणं धोक्याचं नसतं आणि त्यात हालही दिसत नाहीत.

"मग संप करायचा ना!" हे मला बँकेतल्या मैत्रिणीही सहज म्हणायच्या. आमचं तसं होतं. आमचा पगार देशभराच्या द्विपक्षीय करारानं ठरतो. मी निवृत्त झाल्यावर झालेला बारावा करार ८ मार्च २०२४ ला झाला, १७ टक्के वाढ, लागू १ नोव्हेंबर २०२२ पासून. उशीर बघा, पण मागच्या तारखेपासून मिळतं. बोलणी अडली की आम्ही एक दिवस, दोन दिवस शटर खाली ओढायचो. चेक अडकायचे, व्यापारी बोंबलायचे, पेपरात आकडे यायचे की इतक्या कोटींचे व्यवहार ठप्प. आमच्या नसण्याची किंमत दुसऱ्या दिवशी सकाळी छापून यायची.

फायरमननं काय करायचं? कायद्यानं त्यांना वाट अगदीच बंद नाही. १९६० साली सर्वोच्च न्यायालयानं नागपूर महापालिका विरुद्ध तिचे कर्मचारी या खटल्यात सांगितलं की पालिकेचं अग्निशमन खातंही 'उद्योग'च आहे. म्हणजे तिथला वाद हा औद्योगिक विवाद, तो लवादापुढे नेता येतो. अण्णांना या निकालाचा फार अभिमान. "आपण उद्योगधंद्यातली माणसं," ते थट्टेनं म्हणायचे. पण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात एक पहिलं परिशिष्टही होतं. त्यातल्या यादीतली सेवा सरकार सहा-सहा महिन्यांसाठी लोकोपयोगी म्हणून जाहीर करू शकत असे, आणि त्या यादीत अग्निशमन सेवा होती. एकदा तसं जाहीर झालं की १४ दिवसांच्या नोटिशीशिवाय संप नाही, आणि समेटाची बोलणी चालू असताना तर नाहीच. आता नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता आली आणि नोटिशीचं बंधन सगळ्याच आस्थापनांना लागलं. शिवाय डोक्यावर मेस्मा, अत्यावश्यक सेवांतला संप रोखणारा राज्याचा कायदा.

पण खरं सांगू, कायदा हे निमित्त. अण्णांच्या लोकांनी कधी शटर ओढलंच नसतं. फार तर काळ्या फिती लावून कामावर. एकदा जेवणावर बहिष्कार टाकल्याचं आठवतं, आणि त्याच दुपारी वर्दी आली आणि सगळे उपाशीपोटी गेले. साहेबांना हे ठाऊक असतं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना ठाऊक असतं की ही माणसं जाणार नाहीत. ज्याच्या हातात बंद करायला दार नाही, तो वाटाघाटीला बसतो तेव्हा कशाच्या जोरावर बसतो? लोकांच्या मनातल्या उपकारबुद्धीच्या. आणि तिचं आयुष्य वर्तमानपत्राच्या एका आवृत्तीइतकं.

दर वर्षी १४ एप्रिलला भायखळ्याच्या मुख्यालयात स्मारकापुढे मानवंदना होते. १९४४ साली त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाच्या बोटीला आग लागली. बोटीत कापसाच्या गाठी, सोनं आणि चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं. दलाची माणसं पाणी मारत होती. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्याएक तासानं दुसरा. दलाचे ६६ जण गेले. अण्णा आम्हाला लहानपणी तिथं घेऊन जायचे, पांढरा सदरा, भांग पाडलेला. मला त्या वयात कंटाळा यायचा. एकदा मी विचारलं, "यांना पगार किती होता?" लहान मुलाचा प्रश्न. अण्णा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "कमीच असणार."

२०१५ च्या मे महिन्यात काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली, तेव्हा अण्णा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. इमारत कोसळली. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, त्यांचे उपप्रमुख सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई, असे चार अधिकारी त्या आगीनं नेले, कुणी त्याच दिवशी, कुणी नंतर रुग्णालयात. सगळ्यात वरच्या खुर्चीतला माणूस तिथं खाली, त्या अरुंद गल्लीत उभा होता. अण्णा टीव्हीसमोर बसून राहिले. ते दिवस शहर हळवं होतं. लोक मेणबत्त्या घेऊन आले, मदतीच्या रकमा जाहीर झाल्या. अण्णा म्हणाले, "मेल्यावरचा दर ठरवायला कुणाला वेळ लागत नाही. थांबण्याचा ठरवायला वर्षं जातात." मला ते तेव्हा कडवट वाटलं होतं. आता तसं वाटत नाही, नुसता हिशेब वाटतो.

पालिकेची बाजूही आहे, ती मी भाच्याला सांगितली. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा, हे तुम्ही पत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय आणि प्रत्येक संघटना लिहिते. पण साहेबांच्या समोर तुम्ही एकटे नसता. सफाई कामगार असतात, परिचारिका असतात, शिक्षक असतात. तुम्हाला एक भत्ता दिला की उद्या गटारात उतरणारा विचारणार, माझी जोखीम कमी का? आणि त्याचं चूक नाही. त्यात मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं सभागृहच नव्हतं, प्रशासक तेच आयुक्त. पूर्वी अडलं तर नगरसेवकाला गाठता यायचं, स्थायी समितीत कुणीतरी टेबल बडवायचं. ती गंमत पोरांनी पाहिलेलीच नाही. त्यांनी पाहिलं ते दिवाळीचं सानुग्रह अनुदान, २०२४ ला २९,०००, २०२५ ला ३१,०००. ते मिळतं, फोटो निघतात, आणि मूळ पगाराची गोष्ट पुढच्या वर्षावर जाते. दिवाळीचा फराळ खाऊन पोट भरत नाही, पण भूक मात्र मोडते.

मग मी त्याला माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. अण्णांचे कागद आहेत त्यात. १९८७ ची ती तिसरी प्रत मी जपून ठेवलीय, घडीवर विरलेली. आम्ही दोघांनी ती गॅलरीत नेऊन उजेडाला धरली. मला तक्ता दाखवायचा होता त्याला. पण त्याची नजर भलतीकडे गेली. "आत्या, हे काय खोडलंय?"

नवव्या मागणीपाशी एक शब्द खोडला होता. कार्बन प्रतीत खाडाखोड दोनदा उमटते, एकदा शब्द आणि एकदा रेघ, त्यामुळे खालचं उलट जास्त स्पष्ट वाचता येतं. वर लिहिलं होतं "धुलाई भत्ता". खाली, एका रेघेआड, "सज्जता भत्ता".

मी तो कागद कितीतरी वेळा पाहिला होता. लिहिताना मीच शेजारी बसले होते, बहुतेक वाचून मीच दाखवला होता. मला तो शब्द आठवत नाही. कुणी सुचवला, कुणी खोडायला लावला, अण्णांनी स्वतःच खोडला का, आता विचारायला कुणी नाही. एवढं कळतं की बैठकीच्या आधी, तो प्रश्न यायच्याही आधी, कुणाच्या तरी डोक्यात उत्तर होतं. आणि मग वाटलं असेल, हसतील.

भाच्याला मी सांगितलं, "तुझा तक्ता काढून टाक. नाहीतर समोरचा साहेब बेरीज करून भागाकार करेल." सज्जतेचं मागा, म्हटलं, थांबण्याचं मागा, आणि वर, पहिल्या पानावर.

त्याला पटलं नाही. आणि त्यानं वाद चांगला घातला, हे मान्य करायला हवं. म्हणाला, "आत्या, तुमच्या वेळी साहेब पेन्सिलनं लिहायचा. आता सगळं डॅशबोर्डवर आहे. आकडा आम्ही नाही दिला तर त्यांच्याकडे आहेच, आणि तो ते त्यांच्या सोयीनं वाचतील. आणि वर्द्या कमी नाहीत गं आता. दिवसाला दोन कुठं, काही स्टेशनांना श्वास घ्यायला वेळ नाही. वीस-वीस मजले चढायचे, पाठीवर हवेच्या टाकीचा बीए सेट, लिफ्ट बंद. आम्ही थांबतोच कुठं?"

"पण कमी वर्द्यांच्या स्टेशनातला तुझा मित्र?"

तो गप्प झाला. त्याच्याच बॅचचा एक जण असा आहे, उपनगरातल्या शांत केंद्रावर, त्याला सगळे 'हवामान खात्यात आहे' म्हणून चिडवतात.

"तक्त्यानं त्याचा पगार कमी होतो," मी म्हटलं.

"आणि तुझ्या सज्जतेनं माझा वाढत नाही," तो म्हणाला.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी आत जाऊन भात लावला. सुरमई होती. जेवताना तो फोनवर पोरांच्या ग्रुपमध्ये काहीतरी टाइप करत होता, ताटाकडे लक्ष नाही, तुकडी गार झाली. निघताना म्हणाला, बघतो, ग्रुपवर टाकतो, मतं येतील तशी.

बुधवारी रात्री त्याचा मेसेज आला.

"आत्या घातलंय. सज्जता भत्ता. तक्ता पण ठेवलाय."

मी विचारलं, कितव्या नंबरला?

"सतरा."

एकूण मागण्या किती?

बराच वेळ 'टाइप करत आहे' दिसत राहिलं. मग आलं, "अठरा. शेवटची गमबुटांची आहे."